निवेदक गेले, आता श्रोत्यांनी काय करायचं? नाशिकच्या एका श्रोता मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

‘बिनाका गीतमाला’चे रेडिओ निवेदक अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय ९१. बातमी सगळीकडे पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तो बुधवार होता. आयुष्यातली कितीतरी वर्षं ज्यांनी बुधवारी रात्री आठला रेडिओसमोर बैठक मारली, त्यांना हा योगायोग कुणी दाखवून द्यावा लागला नाही.

हे प्रकरण अशाच काही जणांचं आहे. नाशिकला गंगापूर रोडलगतच्या एका वसाहतीत, ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात एक श्रोता मंडळ जमतं. नोंदणी नाही, घटना नाही, वर्गणी चहापुरती. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले काही जण, एक-दोन शाळामास्तर, एक निवृत्त मुख्याध्यापिका (त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात) आणि जुन्या नाशकातून रिक्षानं येणारे, शिंपीकाम करणारे एक चाचा, असा गोतावळा. ओळख पटू नये म्हणून मंडळाचं आणि कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही. ज्येष्ठांच्या गटांबरोबर काम करणं हा माझा व्यवसाय असल्यानं त्या आठवड्यातल्या बैठकांना मीही बसलो होतो.

हे लोक एका निवेदकासाठी इतके का हलले, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. श्रोते सरळ श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली: टूथपेस्टच्या नावानं चालणारा, सिनेगीतांच्या क्रमवारीचा दर बुधवारचा कार्यक्रम. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप कोलंबोला जायची आणि लघुलहरींवरून, खरखरत, मध्येच विरत, तो आवाज परत नाशकात यायचा. सरकारनं १९५७ मध्ये विविध भारती काढली तरी गीतमालेचा बुधवार ढळला नाही. पुढे टूथपेस्टचं नाव बदललं तशी ‘बिनाका’ची ‘सिबाका’ झाली, १९८९ मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि १९९४ मध्ये थांबला.

यातली कळीची गोष्ट अशी की गाण्यांचा क्रम श्रोत्यांच्या हातात होता. तबकड्यांची विक्री पाहिली जायची, तशीच गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं मोजली जायची. क्रमांकाला सयानी ‘पायदान’ म्हणायचे. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं ‘सरताज गीत’ ठरायचं आणि बिगुल वाजवून त्याला मानानं निरोप दिला जायचा. म्हणजे पोस्टकार्डावर पंधरा सह्या गोळा करणाऱ्या नाशिकच्या पोरालाही वाटायचं की हा कार्यक्रम आपण चालवतो. आपल्या कार्डाचा तिथे कितपत हिशेब होत असेल, हा प्रश्न त्या वयात कुणाला पडत नसतो.

मंडळातल्या एका काकांकडे याचा पुरावा आहे: लाल कापडी बांधणीची, उभ्या रेघांची जमाखर्चाची वही. त्यांच्या थोरल्या भावानं ती १९५६ मध्ये सुरू केली. ‘जमा’च्या रकान्यात त्या बुधवारी आत आलेली गाणी, ‘नावे’च्या रकान्यात बाहेर पडलेली, आणि समासात पायदानांचे आकडे. रेडिओ नीट लागला नाही त्या बुधवारी फक्त ‘हवा खराब’. भाऊ गेल्यावर अक्षर बदलतं. तिथून पुढे काकांचं. वहीतच रेडिओच्या परवान्याचं पोस्टातून मिळणारं पुस्तक ठेवलंय, वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेलं. रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागायचा, हे आजच्या नातवंडांना सांगूनही खरं वाटत नाही.

समस्या

बुधवारी दुपारपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडल्याच्या चित्रांचा आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा ढीग साचला. संध्याकाळी बाईंनी लिहिलं, “फुलं पुरे झाली. आज रात्री आठला मी काय करू, ते कुणीतरी सांगा.”

कुणी उत्तर दिलं नाही. माझ्या मते पुढचा सगळा आठवडा या एका ओळीचं उत्तर शोधण्यात गेला, वरकरणी चर्चा हॉलची नि हारांची असली तरी.

घरच्यांचा सूर प्रेमळ, पण समजूत घालणारा होता. बाईंचा मुलगा म्हणाला, “आई, एक्क्याण्णव वर्षांचे होते, सोनं झालं.” बाई मला म्हणाल्या, “सोनं त्यांचं झालं. माझ्या बुधवारचं काय?” त्या आणि त्यांचे यजमान नाशिकरोडच्या दोन खोल्यांत गीतमाला ऐकायचे, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या एका सभासदाला सून म्हणाली, तुम्ही त्यांना कधी भेटला तरी होतात का? नव्हते भेटले. पत्राचं उत्तरही आलं नव्हतं.

आपल्याकडे दुखवट्यालाही पात्रता लागते. सुतक भाऊबंदांना, मांडवात बसायचं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, खांदा मित्रांनी द्यायचा. श्रोता यातल्या कशातच बसत नाही. त्याला दहावा-तेरावा नाही, कुणी भेटायला येत नाही, आणि ‘वाईट वाटतंय’ म्हटलं की समोरचा जरा हसतो.

समोर आलेले पर्याय

पहिला, मुंबईला जाण्याचा. अंत्यसंस्कार गुरुवारी असल्याचं बातम्यांत आलं होतं. पहाटे नाशिकरोड गाठून पंचवटी एक्स्प्रेस धरायची, असं दोघांनी ठरवलंसुद्धा. अध्यक्षांनी त्यांना थांबवलं: तिथे घरचे लोक असतील, आपण अनोळखी, वय सत्तरीच्या पुढचं, गर्दीत कुणी पडलं-झडलं तर तेच निस्तरायचं. निर्णय व्यवहारी होता. पण त्या दोघांपैकी एक जण अजूनही म्हणतात, “मला गेटबाहेर उभं राहायचं होतं, एवढंच.” त्यांना एवढंच हवं होतं, हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा, रामकुंडावर दिवे सोडण्याचा. नाशकात हे सुचणं स्वाभाविकच. देशभरातून लोक अस्थी घेऊन इथे येतात, मग आपण आपल्या गावच्या रीतीनं का करू नये? बैठकीत माना डोलल्या. चाचा कोपऱ्यात बसले होते. ते उठले नाहीत, बसल्या जागीच म्हणाले, “दुवा आम्ही घरी करतोच. तुम्ही पण आपापल्या घरी जे करायचं ते करा. पण मंडळ म्हणून त्यांचं जे काम होतं तेच करा ना. त्यांनी आपल्याला काय करायला लावलं? ऐकायला लावलं.” विषय तिथेच संपला. माझ्या नोंदीत या वाक्याखाली दोन रेघा आहेत, कारण पुढचे सगळे फाटे यानंच सोडवले. सयानींच्या मातोश्री कुलसुम सयानी ‘रहबर’ हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत, आणि त्या कामात हाताखाली राहूनच सयानींची सोपी हिंदुस्थानी घडली. त्यांच्या नावानं कुठला एक विधी निवडायचा, या वादात मंडळ अडकलं नाही, हे बरंच झालं.

तिसरा पर्याय सगळ्यांत आकर्षक होता. एक सभासद कराओके गटही चालवतात. गायक तयार, ट्रॅक तयार, साउंड त्यांचा स्वतःचा. मोठा हॉल घेऊन ‘स्वरांजली’ करू, लोक येतील, पेपरात येईल. इथे दोन तट पडले, आणि बाजू दोन्हीकडे होती. गायकांचं म्हणणं असं की सत्तरीतल्या माणसांना दोन तास नुसतं बसवून ठेवणं अवघड, गाणं सुरू झालं की चेहरे खुलतात. बाईंचं म्हणणं, “गाणी कुठे गेलीत? गाणी रोज भेटतात. गेलं ते दोन गाण्यांमधलं बोलणं.”

हॉलचा प्रश्न मात्र दिनदर्शिकेनं निकालात काढला. २७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्या आठवड्यात कुसुमाग्रजांच्या गावात बरा हॉल रिकामा मिळणं म्हणजे नशीब. (एका सभासदानं, याच आठवड्यात हिंदी निवेदकाचा कार्यक्रम कशाला, असंही विचारून पाहिलं. त्यांच्याच पत्नीनं त्यांना गप्प केलं.) वसाहतीच्या मैदानात स्पीकर लावायचा, तर २१ तारखेपासून बारावीची परीक्षा सुरू झालेली. आसपासच्या खिडक्यांत रात्री साडेआठला पोरं पाठांतर करत असताना भोंगा लावायचा, हे मास्तरमंडळींच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

याच सुमारास एका इच्छुकाचा निरोप आला. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. खुर्च्या, मांडव, चहा-नाश्ता त्यांच्याकडून. बदल्यात प्रवेशद्वारावर एक फ्लेक्स. सचिवांनी कुणालाही न विचारता नाही कळवलं. नंतर बैठकीत कुरकुर झाली की विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर चार दिवस चर्चा झाली असती आणि शेवटी फ्लेक्स लागला असता. नोंदणी नसलेल्या मंडळाला सचिव खमका लागतो तो अशाच वेळी.

निर्णय

ठरलं ते असं: पुढचा बुधवार, २८ फेब्रुवारी, रात्री आठ, आपलंच सभागृह. भाषणं नाहीत. सयानींचा आवाज ऐकायचा, क्रमवारीसकट. प्रवेश विनामूल्य, सभासद आणि त्यांच्या घरचे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात नफ्यासाठी नसलेल्या मंडळाला आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायची सूट आहे, हे सचिवांनी कलम काढून वाचून दाखवलं. आयुष्य कारकुनीत गेलेल्या माणसाला याचा आनंद वेगळाच असतो.

आवाज आणायचा कुठून? जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी सयानींनी स्वतःच निवेदन करून ‘गीतमाला की छांव में’ या मालिकेत मांडल्या होत्या. ती सारेगमानं काढलेली, त्यामुळे सहज मिळाली. पण वहीवाल्या काकांकडे एक जादा ऐवज होता: विविध भारतीच्या काळात घरी भरून घेतलेल्या कॅसेटी. त्यातली एक लावली तर आवाज बुळबुळीत, पाण्याखालून आल्यासारखा. बाईंच्या नातवानं टॉर्च लावून पाहिलं. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा चिमुकला तुकडा गोंद सुकून निसटला होता. त्यानं खराब कॅसेटीतली पट्टी काढून यात बसवली, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, आणि खरखरीतून अचानक “बहनों और भाइयों” स्वच्छ उमटलं. आधी जाहिरातीची धून, मग ते. काका उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

याच नातवानं नंतर जे केलं, त्यावर सगळ्यांत कडाक्याची बैठक झाली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यानं फोनवर एक फाइल वाजवली. कृत्रिम बुद्धिमत्तेनं घडवलेला सयानींचा आवाज मंडळाचं नाव घेऊन सगळ्यांचं स्वागत करत होता. आवाज हुबेहूब नव्हता, पण एका क्षणापुरता फसवेल इतका होता. दोघे-तिघे हरखले, त्यातल्या एकांना तर डोळ्यांत पाणी आलं. मुलाला वाटलं, जमलं!

वहीवाले काका म्हणाले, “आवाज त्यांचा, बोलणं तुझं. मग परवा गेलं कोण?”

पुढची पंधरा-वीस मिनिटं गोंधळाची होती. बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नव्हता: सयानींच्या नकला तर आपण कित्येक वर्षं ऐकतोय, स्नेहसंमेलनांत स्वतः केल्यात, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. यावर एका मास्तरांनी फरक सांगितला तो मला पटला. नक्कल करणाऱ्याचा चेहरा समोर दिसतो आणि लोक त्यालाच टाळ्या देतात. इथे टाळ्या कुणाला द्यायच्या? शिवाय कुणीतरी मोबाइलवर ते टिपणार, पुढे पाठवणार, आणि महिन्याभरानं तीच फाइल ‘दुर्मिळ ध्वनिमुद्रण’ म्हणून परत आपल्याच गटावर येणार. या शेवटच्या मुद्द्यावर सगळे हसले आणि फाइल बाजूला पडली.

प्रत्यक्षात काय झालं

आठला पाच कमी असताना खुर्च्या संपल्या. पुढे सतरंजी अंथरली, पण गुडघ्यांमुळे तिच्यावर फक्त नातवंडं बसली. टेबलावर फोटो होता, हार होता. दिवा लावायचा की नाही यावर आयत्या वेळी कुजबुज झाली. कुणीतरी लावला, कुणी काढला नाही.

अध्यक्ष दोन वाक्यं बोलून बसले. वहीवाल्या काकांनी १९५७ ची वार्षिक क्रमवारी खालून वर वाचायला घेतली, मधून मधून सयानींचं निवेदन आणि गाणी. वरच्या पायदानांवर पोचताना वाद पेटला. प्रेसवाले एक गृहस्थ छातीठोक सांगू लागले की त्या वर्षी पहिलं आलेलं गाणं राज कपूरचं. पैज लागली. वहीत होतं ‘जरा सामने तो आओ छलिये’, ‘जनम जनम के फेरे’ या आज फारशा कुणाला न आठवणाऱ्या चित्रपटातलं. गृहस्थ वही डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “तुमच्या भावानं चुकीचं लिहिलंय.” तिथून पुढे बैठकीला कंठ फुटला. कोण कुणाच्या ओट्यावर ऐकायचं, कुणाच्या वडिलांनी रेडिओचं बटण काढून कपाटात ठेवलं होतं, कुणाची लग्नाची बोलणी बुधवारी ठरली म्हणून मुलगा पाहुण्यांसमोर चुळबुळत होता. चाचांनी सांगितलं की दुकानात बुधवारी रात्री शिलाई मशिन बंद ठेवावी लागायची. कारागीर म्हणायचे, मशिनच्या आवाजात पायदान चुकतं.

हे सगळं सयानींबद्दल होतं का? अर्धंअधिक नव्हतं. गेलेले नवरे, भाऊ, शेजारी, पाडलेले वाडे हेच जास्त बोललं गेलं. मला ते वावगं वाटलं नाही. त्या आवाजासोबत जे जे ऐकत होते, त्यांची आठवण काढायला एरवी इतकी माणसं एकत्र आलीच नसती.

साडेनऊला आटोपलं. दहानंतर चालवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं.

निष्पत्ती

कराओके गटाच्या सभासदांपैकी काही जण आले नाहीत. त्यांनी पुढे स्वतःचा कार्यक्रम केला, तो चांगला रंगला असं ऐकलं. मंडळातले निम्मे लोक तिकडेही गेले होते. कडवटपणा काही आठवडे राहिला, मग चहाबरोबर विरघळला. मंडळानं महिन्यातला एक बुधवार ‘ऐकण्याचा’ म्हणून राखला. त्याला गर्दी होत नाही, पण तो चालू आहे. बाई न चुकता येतात आणि निवेदन चालू असताना कुणी बोललं तर अजून शाळेतल्यासारखं बघतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट अगदी रोकडी: ऐकू येणं. सभागृहाला पत्र्याचं छप्पर आहे; दोन मोठे स्पीकर पुढे ठेवल्यानं आवाज घुमला, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांना निवेदनातले शब्दच कळेनात. ऐकण्यासाठी भरवलेल्या कार्यक्रमात हे व्हावं! मागच्या रांगेतल्या एका आजींनी यंत्र काढून ठेवलं आणि नुसत्या बसून राहिल्या. चार लहान स्पीकर माणसांच्या जवळ, कमी आवाजात ठेवले असते तर भागलं असतं. आता तसंच करतात.

दुसरी, त्या पहिल्या बुधवारची रात्र. बाईंच्या प्रश्नाला सगळ्यांत सोपं उत्तर त्याच दिवशी देता आलं असतं: आठ वाजता आपापल्या घरी तेच निवेदन लावा, फोन चालू ठेवा. त्याऐवजी सगळे कार्यक्रमाच्या तयारीला लागले आणि आठवडा मध्ये गेला. दुःख ताजं असताना माणसाला आधी वेळ आणि सोबत लागते. मांडव नंतर घालता येतो. एकट्या राहणाऱ्या सभासदांची यादी सचिवांकडे होती. त्या रात्री तेवढ्यांना फोन झाले असते तर एक आजोबा, जे २८ तारखेला आलेच नाहीत, कदाचित आले असते. त्यांना रात्रीचं परत जायला वाहन नव्हतं, आणि मागायचा संकोच. हे कळलं मार्चमध्ये.

तिसरी, नातवाची. त्याची फाइल नाकारणं योग्यच होतं, पण नाकारली ती भर बैठकीत, पंधरा म्हाताऱ्यांसमोर. फेल्टची पट्टी बसवून कॅसेट जिवंत केल्याबद्दल त्याला त्याच बैठकीत कुणी शाबासकीही दिली नाही. काकांनी आधी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर मुलगा कार्यक्रमाला घरी बसला नसता. नंतर काका स्वतः त्याच्याकडे गेले, उरलेल्या कॅसेटी संगणकात उतरवून दे म्हणाले, आणि आता ते काम दोघं मिळून करतात. कधी कधी भांडतातही, कारण मुलगा खरखर पुसून काढतो आणि काकांना ती हवी असते.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. उतरवलेल्या फाइली इंटरनेटवर टाकाव्यात, म्हणजे सगळ्यांना मिळतील, असं मुलाचं म्हणणं. गाण्यांचे हक्क कंपन्यांचे, निवेदनाचे कुणाचे ते आधी विचारून घेऊ, असं सचिवांचं. काका वहीच्या बाबतीत तयार आहेत; तिची पानं स्कॅन करून एखाद्या वाचनालयाला द्यायची त्यांची इच्छा आहे. कॅसेटींना ते सध्या नाही म्हणतात. एका कॅसेटीत दोन गाण्यांच्या मध्ये त्यांच्या वहिनीचा आवाज आलाय, कुकर बंद करायला सांगणारा, आणि तो भाग कापायचा की ठेवायचा हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.